ठोसा, पेय, छिद्र आणि बाहुला: इंग्रजीत ‘पंच’ नेमके किती?

एका शिक्षिकेने विचारले आहे: आठवीच्या वर्गात इंग्रजीतला ‘पंच’ हा शब्द आला. मुलांनी त्याचे तीन अर्थ सांगितले, ठोसा, कागदाला भोक पाडायचे यंत्र आणि समारंभात मिळते ते फळांचे पेय. मग एका मुलाने फोनवर फिरत आलेला मजकूर सांगितला: मूठ पाच बोटांची, पेय पाच पदार्थांचे, तेव्हा इंग्रजांचा ‘पंच’ हा आपल्याच ‘पंच’वरून गेलेला आहे. हे खरे आहे का, आणि मुलांना काय सांगावे?

इंग्रजी-मराठी कोशाच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि हा शब्द माझ्या हाताखालून अनेकदा गेला आहे. थोडक्यात उत्तर द्यायचे तर ठोशाच्या बाबतीत ते विधान चूक आहे, पेयाच्या बाबतीत बहुधा बरोबर आहे. पण एवढ्यावर थांबलो तर मुलाचा खरा प्रश्न तसाच राहील. त्याला खरे तर हे विचारायचे आहे की एकच अक्षरे, एकच उच्चार असलेला शब्द एक मानायचा की अनेक? आणि कोणी त्याचे मूळ सांगितले तर ते तपासायचे कसे?

आपल्याच भाषेतला ‘वर’ घ्या. देवाने दिलेला वर आणि बोहल्यावर उभा राहिलेला वर हे दोन्ही संस्कृतातल्या ‘निवडणे’ या अर्थाच्या धातूवरून आले. मागून घ्यायचा तोही वर, निवडायचा तोही वर. पण ‘माळ्यावर’, ‘वर ये’ यातला ‘वर’ संस्कृत ‘उपरि’ झिजून तयार झालेला आहे. त्याचा नवरदेवाशी काहीही संबंध नाही. तोंडाने म्हणताना तिन्ही एकच. इतिहासात दोन एका घरातले आणि तिसरा परका. ‘पंच’चे असेच आहे, फक्त घरे जास्त आहेत.

उत्तर काही अंशी कशासाठी विचारता त्यावरही अवलंबून आहे, हे आधी सांगतो. बोलणाऱ्याच्या मनात आज काय जोडलेले आहे, हा एक प्रश्न. शब्द कुठून आला, हा दुसरा. बोलणाऱ्याला नदीचा काठ म्हणजे ‘बँक’ आणि पैशाची ‘बँक’ हे दोन अगदी वेगळे शब्द वाटतात, कोशातही ते स्वतंत्र नोंदीत असतात. पण मागे मागे जात राहिले तर दोन्ही एकाच जर्मानिक मुळाशी पोहोचतात. एक उत्तरेकडच्या नॉर्स भाषेच्या वाटेने ‘उंचवटा’ या अर्थाने इंग्रजीत आला. दुसऱ्याचा अर्थ बसायचे बाक असा झाला, तोच सराफाचे बाक म्हणून इटलीत गेला आणि तिथून पेढी होऊन परतला. ‘पंच’मध्ये मात्र एक मूळ शोधत मागे गेलात तर निदान दोन मुळे अशी सापडतात की ती एकमेकांना कुठेच जाऊन मिळत नाहीत.

सर्वांत सोपा भाग ठोशाचा आणि भोकाचा. हे दोन्ही एकच आहेत. लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे. त्यापासून टोचण्याच्या हत्याराचे जुने फ्रेंच नाव झाले, ते इंग्रजीत ‘पंचन’ म्हणून आले आणि आखडून ‘पंच’ झाले. धातूवर ठसा उमटवायचे, चामड्याला भोक पाडायचे हत्यार ते हेच. क्रियापद म्हणून ‘पंच’ चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते, आणि तेव्हा त्याचा अर्थ ढोसणे, टोचून पुढे ढकलणे असा आहे. गुरांना काठीने ढोसून हाकणे हाही त्यातलाच. अमेरिकेत गुराख्याला ‘काउपंचर’ म्हणतात ते त्यामुळेच: तो गाईंना ठोसे मारत नाही, ढोसून वाटेला लावतो. मुठीने मारणे हा अर्थ सोळाव्या शतकात, १५३०च्या आसपास नोंदलेला सापडतो. म्हणजे आधी टोचणे, मग ढोसणे, मग ठोसणे. या तीन मराठी क्रियापदांचा क्रम फळ्यावर लिहिला तर अर्थ कसा सरकत गेला हे मुलांना वेगळे समजवावे लागणार नाही.

या घराण्याची मराठीत किती माणसे येऊन राहिली आहेत, हे सांगायला मला नेहमी आवडते. रस्त्यारस्त्यावर पाटी असते तो ‘पंक्चर’ याच लॅटिन धातूचा. ‘पॉइंट’ त्याचाच, कारण टोचल्यावर उमटतो तो बिंदू. वेळेच्या बिंदूवर हजर असणारा तो ‘पंक्च्युअल’, म्हणून पंक्चर आणि पंक्च्युअल हे सख्खे चुलत भाऊ आहेत. कचेरीत सकाळी ‘पंचिंग’ करतात तेही इथलेच. पूर्वी वेळ नोंदवणाऱ्या यंत्रात कार्ड घालून त्यावर छाप किंवा भोक पाडले जाई. आता अंगठा टेकवतात, भोक कुठेच पडत नाही, तरी शब्द राहिला. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने माणसांची माहिती कार्डांवर भोके पाडून मोजली. त्या ‘पंच कार्डां’नी पुढे संगणकाच्या पहिल्या काही दशकांचा भार वाहिला. विनोदाच्या शेवटी येते ती ‘पंचलाइन’ ठोशाच्या अर्थातून निघाली आणि ती विसाव्या शतकातली, अमेरिकेतली आहे.

आता मुठीचा मुद्दा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे क्रियापद इंग्रजीत वावरत होते. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये आणि ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली. हिंदुस्थानातली कोणतीही भाषा इंग्रजांच्या कानावर नित्य पडण्याआधी शंभर-दोनशे वर्षे शब्द तिथे होता. शिवाय त्याचा पहिला अर्थ मुठीचा नाहीच, काठीचा आणि टोच्याचा आहे. मग पाच बोटे मोजायची कुठे?

तरी त्या मजकुरातली एक गोष्ट अगदीच हवेतली नाही, आणि मुलांना ती जरूर सांगा. आपला ‘पाच’, ग्रीकांचा ‘पेंते’ आणि इंग्रजांचा ‘फाइव्ह’ हे एकाच प्राचीन भाषेतल्या संख्यावाचकाचे वंशज आहेत. ‘पेंटागॉन’मधला पेंटा तोच. आणि इंग्रजीत मुठीला ‘फिस्ट’ म्हणतात, तो शब्दही याच पाचाशी जोडला जातो. म्हणजे हाताच्या पाच बोटांशी नाते सांगणारा शब्द इंग्रजीत बहुधा आहे. पण तो ‘पंच’ नव्हे, ‘फिस्ट’ आहे. आणि तो इथून तिकडे गेलेला नाही, दोघांनी एकाच पूर्वजाकडून घेतलेला आहे. उसना घेतलेला शब्द आणि वारशाने मिळालेला शब्द यातला फरक समजला, तर अशा निम्म्या संदेशांची तपासणी मुले स्वतःच करतील.

दुसरे घर बाहुल्याचे. इटलीत नेपल्सच्या बाजूला लोकनाट्यात ‘पुल्चिनेल्ला’ नावाचे पात्र असे, वाकड्या मोठ्या नाकाचे. हे नाव कोंबडीच्या पिलाला असलेल्या इटालियन शब्दावरून, त्या चोचीसारख्या नाकामुळे पडले असावे. इंग्लंडमध्ये त्याचे ‘पंचिनेलो’ झाले आणि पुढे नुसते ‘पंच’. सॅम्युएल पेपिस याने आपल्या रोजनिशीत ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये असा इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या इंग्रजी बाहुल्यांच्या खेळात हा पंच हातातल्या दांडक्याने सगळ्यांना झोडपत सुटतो. त्यामुळे ‘पंच करणे’ त्याच्यावरून आले असेल, असे अनेकांना वाटते. पण तारखा पाहा. मुठीने मारण्याचा अर्थ १५३० च्या सुमाराचा, बाहुला आला त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळाने. दोघांची गाठ पडली ती नंतर, लोकांच्या मनात. अशी गाठ पडते आणि ती महत्त्वाचीही असते, पण ती जन्मकथा होत नाही.

पेपिसनेच १६६९ मध्ये आणखी एक नोंद केली, ती मला फार मोलाची वाटते. काही लोक आपल्या गुबगुबीत मुलाला ‘पंच’ म्हणत होते, आणि जे काही आखूड व जाड असेल त्याला आता हाच शब्द वापरला जातो, याची त्याला गंमत वाटली. बाहुल्याच्या नावाचे विशेषण होताना पाहणारा साक्षीदार असा क्वचित मिळतो. इंग्लंडच्या पूर्वेकडचा ‘सफोक पंच’ हा आखूड पायांचा, भरदार अंगाचा, तांबूस रंगाचा शेतीचा घोडा. त्याच्या नावातला ‘पंच’ या बुटक्या-जाड अर्थातला आहे. पोटाला ‘पॉन्च’ म्हणतात, तो मात्र आणखी वेगळा शब्द, लॅटिनमधल्या पोटाच्या शब्दावरून आलेला. त्याला यात ओढू नका.

आता पेय. मूळ प्रश्नाचा जीव इथे आहे.

या अर्थाची इंग्रजीतली सर्वांत जुनी माहीत असलेली नोंद १६३२ ची. ती लंडनच्या एखाद्या गुत्त्यातली नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या इथल्या माणसाने इथल्याच दुसऱ्या माणसाला लिहिलेल्या पत्रातली आहे. पुढच्या काही दशकांत परदेशी प्रवाशांच्या लेखनात तो दिसतो. मांडेल्स्लो हा जर्मन १६३८ मध्ये सुरतेला आला होता, त्याच्या वर्णनात ‘पालेपुंत्स’ आहे. फ्रेंच वैद्य बर्नियेच्या लेखनात ‘बूलपाँज’ आहे. दोन्हींत सुरुवातीला इंग्रजीतला ‘बोल’, म्हणजे वाडगा, दडलेला आहे: वाडगाभर पंच. म्हणजे या दोघांपर्यंत हा शब्द इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडून पोहोचला.

मग येतो जॉन फ्रायर. कंपनीचा हा वैद्य १६७० च्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिंडला, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळात तो या भागात होता. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापले गेले. गोव्याच्या परिसरातल्या नेरुलची दारू सर्वांत उत्तम, असे सांगून तो लिहितो की या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून ‘पॉन्च’ नावाचे पेय करतात, आणि हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच. पाच पदार्थ पडतात म्हणून. वैद्य असल्यामुळे तो लगेच आपल्या धंद्यातली तुलना देतो: युरोपातले वैद्यही पाच द्रव्यांच्या औषधाला ग्रीक पाचावरूनच नाव देतात.

मराठी वाचकाला हे ऐकताक्षणी पटते. पंचामृत, पंचगव्य, पंचखाद्य: पदार्थ मोजून नाव ठेवणे ही आपली रोजची रीत आहे. दूध, दही, तूप, मध, साखर म्हणून पंचामृत. मग दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला म्हणून पंच. पटकन पटते म्हणूनच इथे हात आखडून चालावे लागते. पटण्याचा जोर हा पुरावा नव्हे, हे कोशाच्या कामात सतत बजावावे लागते, इतरांना आणि स्वतःलाही.

आक्षेप तीन आहेत. पहिला पदार्थांच्या संख्येचा. मांडेल्स्लोच्या पेयात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे चारच पदार्थ आहेत. बर्नियेकडे अरक, लिंबाचा रस, पाणी आणि वरून किसलेले जायफळ. पाच हा आकडा फ्रायरने सांगितला, पण त्याच्या आधीचे साक्षीदार तो सांगत नाहीत.

दुसरा आक्षेप आवाजाचा, आणि माझ्या मते तोच वजनदार. आज आपण इंग्रजी शब्द ‘पंच’ असा, अ लावून म्हणतो आणि तो आपल्या ‘पंच’शी तंतोतंत जुळतो. पण सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज हा स्वर असा म्हणत नव्हते. ‘पुट’ या शब्दात आहे तसा ‘उ’ तिथे होता. म्हणजे १६३२ चा शब्द ‘पुंच’च्या जवळ होता. दक्षिण इंग्लंडमध्ये तो ‘अ’कडे वळला तो त्या शतकात, आणि उत्तर इंग्लंडमध्ये आजही जुना उच्चार ऐकू येतो. मांडेल्स्लोने ‘पुंत्स’ आणि बर्नियेने ‘पाँज’ लिहिले. दोघांच्या कानावर ‘अ’ किंवा ‘आ’ पडलेला दिसत नाही. आता हिंदुस्थानीतला ‘पाँच’ आणि आपला ‘पाच’ दोन्ही दीर्घ आ-कारी. तो ऐकून कोणी ‘पुंच’ का म्हणेल? ‘पंजाब’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये यू आहेच की, असे कोणी म्हणेल. पण ऱ्हस्व अ साठी यू लिहिण्याची पद्धत रुळली ती पुढे, इंग्रजांचा स्वर बदलल्यावर.

तिसरा आक्षेप म्हणजे दुसरा दावेदार. जहाजावरच्या मोठ्या पिंपाला ‘पंचन’ म्हणत. खलाशांनी पिंपाचे नाव आखडून आतल्या पेयाला दिले असावे, असे काही अभ्यासकांचे म्हणणे. हे नाव टोचण्याच्या हत्याराच्या नावासारखेच आहे. पिंपावर मापाचा ठसा मारत म्हणून ते पडले, असा एक अंदाज आहे, पक्के नाते ठरलेले नाही. ते खरे निघाले तर पेय आणि ठोसा पुन्हा एकाच घरात येतील, तेही पाचाला बाजूला सारून!

मग माझा कौल कुठे? मी पाचाच्या बाजूला झुकतो. पिंप जगातल्या सगळ्या जहाजांवर होते, मग हे पेय हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्याच पत्रांत आणि त्यांच्याच पाहुण्यांच्या वर्णनांत आधी का दिसावे? दारू इथली, साखर इथली, लिंबू इथले, आणि नाव तेवढे पिंपाचे, हे मला जड जाते. स्वराचा आक्षेप मी मानतो, पण परक्या बंदरात उचललेले शब्द नीट ऐकून उचललेले नसतात. आपल्या तोंडात आधीच असलेल्या ‘पंच’च्या साच्यात इंग्रजांनी नवा शब्द बसवला असेल, हे शक्य आहे. म्हणून नोंद लिहिताना मी ‘बहुधा’ लिहितो. तो ‘बहुधा’ गाळून तिथे ‘आपल्याकडूनच गेला’ असे लिहिण्याचा आग्रह मला अनेकदा झाला आहे, आणि तो मी मानत नाही. आपल्या भाषेचा मान पुरावा वाढवून राखायचा नसतो.

इथवरचे चित्र असे: ठोसा आणि भोक एक, त्यांचे मूळ लॅटिन टोचणे. बाहुला दुसरा, इटलीचा, आणि जाड घोडा त्याच्या मागोमाग. पेय तिसरे, बहुधा आपल्या पाचाचे.

वेगळी घरे असली तरी बोलणारे लोक ती एकमेकांना जोडतात, हेही वर्गात दाखवता येईल. लंडनमध्ये १८४१ साली ‘पंच’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक निघाले, नाव बाहुल्यावरून. त्याच्या संस्थापक संपादकांपैकी एकाचे आडनाव लेमन. लिंबाशिवाय पंचला चव नाही, अशी कोटी नाव ठरताना झाली असे सांगतात. बाहुला आणि पेय असे एका वाक्यात भेटले. ते साप्ताहिक इतके गाजले की मुंबईत १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ निघाला, तोच पुढे ‘हिंदी पंच’ झाला. लखनौला १८७७ मध्ये ‘अवध पंच’ निघाला. इथल्या वाचकाला त्या नावात इंग्रजी बाहुल्यासोबत गावचा न्याय करणारा पंचही दिसला असणार, आणि चुका दाखवणाऱ्या पत्राला ते शोभूनही दिसले.

हा न्यायाचा पंच, पंचायत, पंचनामा, कबड्डीचा पंच हे सगळे अर्थातच आपले, पाचाचे. आज मराठीत दोन्ही ‘पंच’ शेजारी नांदतात. ‘पंचांनी तो पंच ग्राह्य धरला नाही’ हे मुष्टियुद्धाच्या बातमीतले वाक्य मुलांना द्या आणि कोणता कुठून आला ते ओळखायला सांगा.

वर्गात त्या मुलाचे म्हणणे खोडून काढू नका. त्याने प्रश्न योग्य विचारला आहे, उत्तर दुसऱ्याचे ऐकून आणले एवढेच. चांगल्या मोठ्या इंग्रजी कोशात सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या वेगळ्या नोंदींना एक, दोन, तीन असे बारीक आकडे दिलेले असतात आणि प्रत्येकीपुढे पहिल्या लेखी आढळाचे साल असते. कोणीही मूळ सांगितले की मुलांनी तीन गोष्टी पाहाव्यात. शब्द तिथे कधीपासून आहे? तेव्हा तो कसा उच्चारत होते? आणि दोन भाषा बोलणारी माणसे त्या काळी एकमेकांना खरोखर भेटली होती का? ठोशाचा दावा पहिल्याच प्रश्नावर पडतो. पेयाचा दावा पहिला आणि तिसरा प्रश्न पार करतो, दुसऱ्यावर अडखळतो.

पुढच्या तासाला ‘मॅच’ घेऊन पाहा. काडीपेटीतला ‘मॅच’ जुन्या फ्रेंचमधल्या दिव्याच्या वातीवरून आला आहे, आणि मैदानावरचा ‘मॅच’ जुन्या इंग्रजीतल्या ‘जोडीदार, बरोबरीचा’ या शब्दावरून. ब्लाऊजपीस घ्यायला आपण ‘मॅचिंग सेंटर’मध्ये जातो, तो मॅच यांपैकी कोणता, हे मुलांनाच शोधू द्या.